इंदूताई, माळ्यावर बंदूक होती

इंदूताई,

तुझं बारावं होऊन आज सोळा दिवस झाले. परवा जेवताना तुझा भाऊ म्हणाला, "ताई आसती तर ह्या कढीक नाव ठेवल्यान असता." आम्ही दोघं हसलो. मग त्याने ताट बाजूला सरकवलं आणि मी कढीचं भांडं उचलून आत नेलं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सात वर्षं राहिली. तू गेल्यावर सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण तसं नाही. म्हणून आधी तेवढं लिहून टाकते. तुझ्या बाबांची बंदूक पोलीस चौकीत जमा झाली नव्हती. ती आमच्या चुलीवरच्या माळ्यावर होती. मला माहीत होतं.

आता बाकीचं लिहिते. तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण मला क्रमाने लिहिल्याशिवाय जमत नाही. चौथीपर्यंत तसंच शिकवलं होतं.

तुझ्या भावाशी लग्न होऊन मी दोडामार्गाकडून या वाड्यावर आले तेव्हा तू दोन शेतं पलीकडे भावोजींच्या घरी नांदत होतीस. सकाळी पाववाला पदेर सायकलचा भोंगा वाजवत यायचा आणि त्याच्या मागोमाग तू. आमच्या वाट्याचे उंडे पाव तूच घ्यायचीस आणि स्वयंपाकघराच्या जनेलाच्या गजांमधून आत द्यायचीस. मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. चार दिवस तू ऐकून घेतलंस. पाचव्या दिवशी म्हणालीस, "माका तुमी म्हणू नको गो. माझ्या पाठीमागे आणखी कोण उभा आसा काय म्हणान वळान बघूचा लागता." मी हसले. सासरी आल्यावर पहिल्यांदा आवाज काढून हसले ते तेव्हा.

मी बोलत नसे, म्हणून सगळ्यांना मी गर्विष्ठ वाटले. सासूबाईंनी तुझ्याकडे तक्रार केली, तेव्हा तू माझ्यासमोरच म्हणालीस, "गर्व नाय तो. पावसातल्या दारासारखा तोंड आसा तिचा, फुगलेला. उन्हाळो येवंदे, उघडतला." किती उन्हाळे आले आणि गेले. तू वाट बघायची सोडली नाहीस.

त्या दसऱ्याबद्दल आपण दोघी कधी सरळ बोललो नाही. तू सगळ्या गावाला सांगितलंस, पण मला कधी नाही. मला ठाऊकच होतं, म्हणून असेल.

तुझ्या घरी भावोजींची ठासणीची बंदूक, आमच्या घरी बाबांची. दोन्ही परवान्याच्या, शेतात उतरणाऱ्या डुकरांसाठी. नळीतून दारू आणि छर्रे ठासायचे आणि मागे टिकलीएवढी तांब्याची टोपी बसवायची, ती केप. घोडा केपेवर आपटला की बार उडतो. पण बार भरला आणि डुक्कर आलंच नाही, तर? उडवला तर दारू फुकट जाते. म्हणून आपल्याकडचे पुरुष नुसती केप काढतात आणि बंदूक खुंटीला टांगतात. केप काढली की रिकामी झाली, असं म्हणतात. घरोघरी असंच म्हणतात. बार पोटात तसाच राहतो आणि ज्याने भरला तो विसरून जातो.

दसऱ्याला पूजेसाठी भावोजींची बंदूक तू खाली काढलीस. तेलाच्या फडक्याने पुसलीस, कोयत्या-कुऱ्हाडीशेजारी पाटावर ठेवलीस, झेंडूचं फूल वाहिलंस. भावोजींनी विचारलं, "भरलेली आसा काय?" तू केपेची जागा बघितलीस आणि म्हणालीस, "रिकामी आसा." संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली. भावोजींना देवाला सलामी द्यायची हौस आली. नुसता केपेचा आवाज काढायचा होता. दस्ता जमिनीवर टेकलेला, नळी छातीकडे. केप बसवताना घोडा अंगठ्याखालून सुटला.

आवाज आमच्या घरापर्यंत आला. मी तांदूळ धूत होते. मनात म्हटलं, कोणीतरी सलामी दिली. मग आरडाओरडा ऐकू आला आणि मी तशीच धावत आले.

लोक तुला समजवायला येत आणि म्हणत, नशीब. तू ऐकून घ्यायचीस. एकदा मात्र शेजारच्या मावशीबाईंना म्हणालीस, "नशिबान नाय. माझ्या तोंडान गेलो तो." त्यानंतर वर्षभर तू कोणाशी धड बोलली नाहीस. वाड्यावरची सगळ्यात बोलकी बाई गप्प आणि मी तुझ्याजवळ येऊन बसायचे. तेव्हा कळलं की माझं न बोलणंही कोणाला उपयोगी पडू शकतं. आपण फणसाचे गरे काढत बसायचो, दुपार संपायची.

बाबांनी त्याच दसऱ्याच्या संध्याकाळी आपली बंदूक खुंटीवरून काढली. तुझ्या नजरेला पडू नये म्हणून. कुठे ठेवली ते कोणाला सांगितलं नाही. पुढच्या पावसात बाबाही गेले. परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणजे बंदूक जमा करायला हवी होती. तू तुझ्या भावाला विचारलंस, "वामू, बापायची बंदूक खय आसा?" तो म्हणाला, "चौकीर जमा केलंय." तुझा चेहरा सैल झाला. माझाही झाला असेल.

मग चतुर्थीच्या साफसफाईत मी माळ्यावर चढले. तिथे आपली सोलं, सुक्या मिरच्या, बियाण्याचे दुधी. मागच्या कोपऱ्यात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब हाताला लागलं. जुनी माणसं दारूला ओल लागू नये म्हणून बंदूक चुलीच्या धुरात ठेवत, तशीच बाबांनी ठेवली होती. तुझ्या भावाला ती आधीच सापडली होती. चौकीत नेली तर शंभर प्रश्न, परत मागितली तर मिळायची नाही, आणि डुकरं तर दर वर्षी येणारच. मला म्हणाला, "ताईक सांगू नको. तिका सोसूचा नाय."

मी विचारलं, "रिकामी आसा मा?"

"केप नाय तिका," तो म्हणाला.

इंदूताई, मी ते ऐकून खाली उतरले आणि भाजी चिरायला बसले. तुझ्या घरी काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेली मी. तुला त्रास नको म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला सांगत आले, पण तेवढंच नव्हतं. नवऱ्याशी वाद घालायला लागला असता. आवाज वाढवावा लागला असता. ते मला जमत नव्हतं, म्हणून मी तुझं नाव पुढे केलं.

त्याच सुमाराला तू पुन्हा बोलायला लागलीस. एका दुपारी आमच्या पडवीत येऊन म्हणालीस, "सरू, तुझा अक्षर बरा आसा. मी सांगतंय ता लिही." जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तू सांगितलंस ते मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'बंदूक भरलेलीच आहे असे समजा. दारू वेगळी ठेवा. पूजेला बंदूक काढू नका. ज्याचा परवाना तो गेला असेल तर बंदूक चौकीत द्या.' शेवटची ओळ लिहिताना माझा हात थांबला. तू म्हणालीस, "काय झाला? 'चौकीत' ऱ्हस्व की दीर्घ?" मी दीर्घ म्हटलं आणि लिहिलं.

असे कितीतरी कागद मी लिहिले. तू ते स्वयंपाकघराच्या दारांमागे चिकटवलेस. ओसरीवर लावले तर पुरुष काढतात, आत लावले तर बायका रोज वाचतात, हे तुझं डोकं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तू तोंडपाठ करायला लावायचीस, आणि पुढच्या खेपेला परीक्षा घ्यायचीस. मी तुझ्या मागे खळीचा डबा घेऊन. कोणी मला काही विचारलं तर तूच उत्तर द्यायचीस, "ती लिवणारी. बोलणारी मी."

आणि ते संक्रांतीचं हळदीकुंकू. बायका एका जागी कधी येतात तर हळदीकुंकवाला, हे तुला माहीत होतं. पण विधवेने हळदीकुंकू कसं करायचं? तू म्हणालीस, "तुझ्या घराकडे कर. मी आत सैपाकघरात बसतंय, थयसून बोलतंय. कुंकवाक हात लावणंय नाय म्हणजे झाला." वाण म्हणून बायका डबे वाटतात, कंगवे वाटतात. तू म्हापशाच्या बाजारातून लहान लहान कुलपं आणलीस. दारूचा डबा आणि केपांची डबी पेटीत घालून कुलूप लावायला.

बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बायका बसल्या. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कदेल ओढून त्यावर बसलीस. कुठे बसलीस ते मी बघितलं. बरोबर माळ्याखाली.

बोरकरांची सुमन कुलूप हातात घेऊन म्हणाली, "इंदूताई, बंदुकीक कशाक, माझ्या घोवाच्या तोंडाक लावतंय!"

"लाव, पण चावी माझ्याकडे दी," तू म्हणालीस. "नायतर दुसऱ्या दिवसा तूच उघडतलंस."

सगळ्या हसल्या. हसणं संपायच्या आत तू विचारलंस, "आता सांगा, तुमच्या घरातली बंदूक भरलेली आसा काय रिकामी?" चारपाच जणी एकदम म्हणाल्या, रिकामी. तू म्हणालीस, "रिकामी म्हणान कोणी सांगितल्यान?" कोणी म्हणाली नवऱ्याने, कोणी म्हणाली दिराने. तू म्हणालीस, "माझ्या घोवाक मी सांगितलंय."

सुमनने हातातलं कुलूप हळूच खाली ठेवलं. मी हातात अत्तरदाणी घेऊन उभी होते. तुझ्या डोक्यावर दोन हातांवर ती बंदूक होती, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्या दिवशी मी सगळ्यांना कुंकू लावलं. एकीच्या कपाळावर ते तिरपं गेलं. ती म्हणाली, "सरू, आत काय बघतंस गो?" मी म्हटलं, "दूध."

त्यानंतर आपल्या वाड्यावर सहा घरांनी बंदुका जमा केल्या. त्यातल्या दोन बिनपरवान्याच्या होत्या आणि त्या पुरुषांना वर्षभर हेलपाटे पडले. तू प्रत्येक हेलपाट्याला त्यांच्या बायकांबरोबर गेलीस. बसस्टॉपवर बसून भजी खाल्लीस आणि त्यांच्या नवऱ्यांच्या शिव्या ऐकून घेतल्यास. पुढे तेच पुरुष चतुर्थीला तुझ्या घरी नारळ घेऊन यायला लागले.

नार्व्याची गोष्ट आठवली की मला अजून हसू येतं. तुझ्या लेकीच्या सासरी आपण गेलो होतो. देवळात दर्शन घेऊन बायका सभामंडपात टेकल्या, आणि तू सुरू झालीस. एक गृहस्थ खांबाला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "बायलांक कित्याक बंदुकीच्यो गजाली?" तू त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणालीस, "बंदूक तुमची. पण मागे रवतंव ते आमी मा?" गृहस्थांनी तोंड देवाकडे फिरवलं. पण आपण निघालो तेव्हा ते चपला घालता घालता जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाय, भरून ठेवलेली तपासतत कशी?" परतीच्या बसमध्ये तू डोळे पुसत होतीस. मला वाटलं वारा लागला. तू म्हणालीस, "एक जण विचारता सरू. एकान विचारल्यान तरी पुरे."

आपलं भांडण मात्र अर्धं राहिलं. ते डुकरांवरून. मी फार वेळा तुझ्याशी वाद घातला नाही, पण हा घातला. हळर्णच्या किल्ल्याखालच्या आपल्या शेतात एका रात्रीत अर्धं भात लोळवलेलं मी पाहिलं होतं. मी म्हटलं, "ताई, तू म्हणतंस ता खरा. पण डुकरां कागद वाचान परत जातली काय? पोरांच्या तोंडातला जाता त्याचा काय?" तू चिडलीस. म्हणालीस, "तू पण वामूसारखीच." आणि दोन दिवस आमच्याकडे आली नाहीस. तिसऱ्या दिवशी उंडे जनेलातून आत आले आणि तुझा आवाज: "तुझा बरोबर आसा. माका उत्तर येणा नाय. सोधतंय."

तू शोधत होतीस. पत्र्याचे डबे वाजवत पाळीपाळीने राखण करायची, चार शेतांचं मिळून एक झटक्याचं कुंपण घालायचं, शेतकी खात्यात अर्ज द्यायचा. अर्ज मी लिहिला होता. तू आजारी पडलीस आणि तो माझ्याकडेच राहिला.

तुला इस्पितळात नेलं तेव्हा मी ठरवलं होतं की सांगायचं. तीन दिवस तुझ्या खाटेजवळ बसले. तू हातावरची सलाईनची पट्टी खाजवत होतीस आणि पुढच्या संक्रांतीचं बोलत होतीस. मग मध्येच म्हणालीस, "सरू, आमच्या वाड्यार भरलेली बंदूक एक तरी उरली आसतली काय गो?"

दार उघडंच होतं. तुझ्या भावाची वाट बघायची गरज नव्हती, वाद नव्हता, आवाज वाढवायचा नव्हता. फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "नाय वाटत."

तू माझा हात थोपटलास. "बरा झाला," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं. आता राहू देते.

तुझं बारावं झालं आणि तिसऱ्या दिवशी बाबल आला, तुझा चुलतभाऊ. भातं पिकायला लागली आहेत. त्याच्या शेतात दोनदा डुकरं उतरली. ओसरीवर बसून म्हणाला, "वामन, काकाची बंदूक दी रे चार दिवसांक. तू जमा केलंस नाय ता माका माहीत आसा." तुझ्या भावाने आत माळ्याच्या दिशेने बघितलं. मग म्हणाला, "आता ताई पण नाय. घेवन जा." आणि शिडी आणायला उठला.

आता ताई पण नाही. म्हणजे इतकी वर्षं ती बंदूक तुझ्या भीतीने तिथे पडून होती, आणि आता ती भीती उरली नव्हती. इंदूताई, मला तेव्हा कळलं की त्या घरात तुझ्या जागी दुसरं कोणीतरी लागणार, आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं.

त्याने शिडी माळ्याला लावली. शिडी नेहमी मी धरते. मी धरली नाही. खालच्या पायरीवर बसले.

"उठ गो, चढतंय मा मी," तो म्हणाला.

"ती भरलेली आसा," मी म्हटलं.

"केप नाय तिका."

"ताईन पण केप बघूनच सांगितला व्हता."

बाबल म्हणाला, "वयनी, बंदुकीतला तुमका काय कळता?" मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर उठले असते. पायरीची कड दोन्ही हातांनी धरली. म्हटलं, "माका कळना नाय. म्हणानच सांगतंय. ज्याक कळता त्याक बोलवा. ही बंदूक हयसून चौकीर जातली. बाबलच्या शेतात नाय, परत माळ्यार नाय. तवसर मी हयसून उठणंय नाय."

"चूल कोण पेटवतला?" तुझा भाऊ म्हणाला.

"कोणी नाय. वर दारू आसा."

किती वेळ बसले माहीत नाही. बाबल कंटाळून गेला. जाताना म्हणाला, "इंदूताई मेली नाय, हयच आसा." रागाने म्हणाला, पण मला ते बरं वाटलं. तुझा भाऊ अंगणात फेऱ्या मारत राहिला. शेवटी त्याने फोन काढला आणि आपल्या प्रभागातल्या पंचाला बोलावलं. पंच आले, त्यांनी चौकीत फोन केला. म्हणाले, तुम्ही हात लावू नका, माणूस येतो. दुपारी जीप आली. एक वयस्क हवालदार उतरले. त्यांनी आम्हा सगळ्यांना मागच्या परसात पाठवलं आणि पोतं स्वतः खाली काढलं.

नंतर त्यांनी तुझ्या भावाला जवळ बोलावलं. नळीचं तोंड चिऱ्याच्या भिंतीकडे ठेवून त्यांनी आत गज घातला होता, तो थांबला तिथे बोट धरून बाहेर काढला, आणि नळीच्या बाजूला धरून दाखवला. तळापर्यंत जायला हवा होता. चार बोटं आधी थांबला.

"बार आसा हातूंत," हवालदार म्हणाले. मग वर माळ्याकडे बघितलं, खाली चुलीकडे बघितलं. "हांगा? इतकीं वर्सां?"

बाबांनी तो बार त्या दसऱ्याच्या आधी भरला असणार. त्या संध्याकाळी घाईघाईने, तुझ्यासाठी, तो तसाच लपवला. म्हणजे प्रेमानेच. तुझ्या भावाने लपवला तोही तसाच, निदान अर्धा तसा. मी लपवला तोही. आम्ही तिघांनी तुला जपलं आणि भरलेली बंदूक तुझ्या डोक्यावर ठेवली.

जीप गेल्यावर तुझा भाऊ पायरीवर बसला आणि रडला. तुझ्या चितेला अग्नी देतानाही तो एवढा रडला नव्हता. म्हणाला, "ताईक मी खोटा सांगितलंय." मी म्हटलं, "मी पण." मग आम्ही चूल पेटवली आणि चहा केला.

आता त्याला चौकीवर तारखा आहेत, कागद आहेत. काय होईल ते पंचांनाही नक्की सांगता येत नाही. स्वतःहून दिली हे लिहून घेतलंय, तेवढंच. त्याला भीती वाटते, मलाही वाटते. पण तो जातो. पहिल्या तारखेला मी बरोबर गेले. बसस्टॉपवर भजी खाल्ली. तुझ्याइतकी तिखट मला झेपली नाहीत.

काल बचत गटाची बैठक झाली. मी सांगून टाकायचं ठरवलं होतं. घरून चार ओळी लिहून नेल्या होत्या, त्या वाचता आल्या नाहीत, अक्षरं हलत होती. मग कागद मिटला आणि तसंच सांगितलं. आपण सगळ्या माझ्या घरी हळदीकुंकवाला बसलो होतो तेव्हा माळ्यावर बंदूक होती. मला माहीत होतं. मी तुम्हाला कुंकू लावत होते. आता कळलं की ती भरलेली होती.

कोणीतरी मला बोलेल असं वाटलं. सुमनने बोलायला तोंड उघडलंही. पण आधी मागच्या रांगेतून एकीने विचारलं, "भरलेली म्हणान कळला कसा?"

मी इकडेतिकडे बघितलं. ज्यांच्या घरी बैठक होती त्यांच्या चुलीपाशी लोखंडी फुंकणी होती. मी ती आणली, एका टोकाला फडकं कोंबलं आणि दुसऱ्या टोकाने झाडूची काडी आत सरकवली. काडी अडली तिथे बोट धरलं, बाहेर काढली आणि फुंकणीच्या बाजूला लावून दाखवली. मग सांगितलं की हे तुम्ही बंदुकीवर करायचं नाही, ज्याचं काम त्याला बोलवायचं, आपण भरलेलीच समजायची. हे एवढ्यासाठी दाखवते की बाहेरून बघून कोणालाच कळत नाही. केप बघून तर नाहीच. फुंकणी एकीकडून दुसरीकडे गेली. प्रत्येकीने काडी घालून बघितली. म्हाताऱ्या द्वारकामावशींनी दोनदा बघितली आणि म्हणाल्या, "इंदून ह्या कित्या दाखवूक नाय आमका?" मी म्हटलं, "तिका बोलूक येय मावशी. माका येणा नाय, म्हणान दाखवतंय."

तेव्हा हसल्या सगळ्या. तुझ्या वेळी हसायच्या तेवढं नाही, पण हसल्या.

शेतकी खात्याचा अर्जही तिथेच काढला. चार शेतांऐवजी सात शेतांची नावं झाली. बाबलच्या बायकोने त्याचं नाव घातलं, त्याला न विचारता. आपलं भांडण तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही, इंदूताई. कुंपण होईल तेव्हा बघू. पण उत्तर शोधायचं थांबलेलं नाही.

तू मला क्षमा केली असतीस का, याचा विचार मी रोज करते आणि रोज वेगळं उत्तर येतं. कधी वाटतं तू दोन दिवस आली नसतीस आणि तिसऱ्या दिवशी आली असतीस. कधी वाटतं आली नसतीस. ते आता तुझ्याकडेच राहू दे. तू मला गप्प असताना जवळ बसवलंस आणि बोलायची घाई केली नाहीस, याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. बरं झालं तू होतीस.

बैठक संपल्यावर द्वारकामावशींची सून मागे रेंगाळली. चपला हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "सरूवयनी, आमच्या सासऱ्यांची आसा. खाटीखाली. माझो घोव माझा ऐकणा नाय. तुमी येवन सांगशात?"

पुरुषमाणसाला जाऊन सांगायचं. त्याच्या घरी, त्याच्या ओसरीवर. तिला म्हटलं, "येतंय उद्या, चारांक."

आता साडेतीन झालेत. साडी बदलायची आहे. सुरुवात कशी करायची ते ठरलेलं नाही. त्याला आधी विचारीन की ती भरलेली आहे की रिकामी. तो रिकामी म्हणेल. मग मी तिथेच बसेन आणि आमच्या घराचं सांगेन.